तीन ठोके

विमलचा वरचा पुढचा दात नव्हता. कुणी विचारलं तर ती सांगायची, गेममध्ये गेला. ऐकणारा हसायचा, त्याला वाटायचं बाई चेष्टा करते. पण ते खरं होतं. ती गेममध्ये जिंकली म्हणून नवऱ्यानं तिचा दात पाडला. हरली असती तर त्या दिवशी तरी दात वाचला असता.

कळंबोलीला आमची बैठ्या घरांची ओळ. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, अर्ध्या विटेची. सव्वीस वर्षं ती भिंत माझ्या चुलीमागं होती. पलीकडं काय चाललंय ते कळायला कान लावावा लागत नसे. नुसत्या आवाजावरून मला तिच्या नवऱ्याच्या, संपतच्या, हातात काय आहे ते ओळखू यायचं. पट्टा वेगळा वाजतो, चप्पल वेगळी वाजते, उघडा हात वेगळा. पहिल्या वर्षी मी दोनदा जाऊन दार वाजवलं. दोन्ही वेळा विमलनंच दार उघडलं आणि विचारलं, "आक्का, काय पाहिजे होतं?" तिसऱ्यांदा मी गेले नाही. मला त्याचा अभिमान नाही आणि मी त्यावर रडतही बसले नाही.

विमल कऱ्हाडकडची. ठेंगणी, रुंद, मान आखूड. चहा बशीत ओतून एका घोटात संपवायची. तिचे अंगठे कधी स्वस्थ नसत. बसथांब्यावर उभी असली तरी पिशवीच्या बंदावर दोन्ही अंगठे चालू. बायकांना वाटायचं जप करते. ती मनातल्या मनात कुणाला तरी बडवत असायची.

कारण ती नेरूळला एका मॉलच्या तळमजल्यावर गेम झोनमध्ये झाडूपोछाला होती. तिथल्या शेठनं तिला एक जास्तीचं काम दिलं होतं. सकाळी दार उघडलं की प्रत्येक मशीन चालू करायचं, प्रत्येक बटण दाबून बघायचं, अडकत असेल तर सांगायचं. बटण दाबायचं तर खेळावं लागतं. अकरा वर्षं ती रोज सकाळी तासभर एकटी खेळत होती. मारामारीचे गेम तिला जास्त आवडायचे. दोन माणसं समोरासमोर, एकाचं रक्त संपेपर्यंत लाथा-बुक्क्या. मी एकदा तिथं गेले होते तेव्हा कॉलेजातला एक उंच मुलगा तिच्याशी तीनदा हरला आणि चिडून तिला झाडूवाली म्हणाला. तिनं पोछ्याची काठी उजव्या काखेत धरली, डाव्या हातानं चौथा डाव खेळली आणि त्याचा माणूस पुन्हा आडवा केला. मग त्याच्या पायाखालची फरशी पुसून घेतली.

घरी मार खाऊन दुसऱ्या दिवशी नळावर आली आणि कुणी विचारलं, विमल, कशी आहेस, तर म्हणायची, "अजून दोन जीव हायत." गेममध्ये माणसाला तीन जीव मिळतात, हे मला तिच्याकडूनच कळलं.

आता संपतचं सांगते. नाहीतर पुढचं कळणार नाही.

संपत इथल्या लोखंडबाजारात माथाडी होता. मी त्याच यार्डाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवायचे, त्यामुळं त्याला लग्नाआधीपासून ओळखते. सळ्यांचे भारे, जाड पत्रे, हे सगळं टोळीतले लोक जोडीजोडीनं उचलायचे. एक पुढं, एक मागं. यार्डात ट्रक गुरगुरत असतात, पत्रे आदळत असतात, तोंडानं ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून त्यांच्या टोळीची एक रीत होती. प्रत्येकाच्या बोटात अंगठीसारखा एक लोखंडी नट असायचा. ओझं हातात असतानाच त्या नटानं लोखंडावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे चल. दोन ठोके म्हणजे थांब, टेकव. दोन ठोके ऐकल्यावर दुसऱ्यानं काही न विचारता ओझं खाली टेकवायचं. आणि तीन ठोके म्हणजे माझ्यानं आता होत नाही, मी सोडतोय, बाजूला हो. तीन ठोक्यांनंतर एक श्वास थांबायचं, जोडीदाराला उडी मारायला, आणि मग सोडायचं. तीन ठोके देऊन, श्वासभर थांबून ज्यानं सोडलं त्याला टोळीत कुणी बोल लावायचं नाही, मग दुसऱ्याचं काही का होईना.

एकदा संपतच्या जोडीदारानं न ठोकता सळ्यांचा भारा सोडला. संपतच्या डाव्या पायाची दोन बोटं तिथंच गेली. संपत खाली बसला नाही. एका पायावर लंगडत गेला, पहार उचलली आणि त्या माणसाच्या पाठीत घातली. मग गुडघ्यावर. मग हातावर. मी टपरीतून बघत होते. टोळीतले वीस जण उभे होते, एकानंही त्याला धरलं नाही. मुकादम माझ्याकडं बघून म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. ठोकलं न्हवतं." तो मार खाल्लेला माणूस गावाला गेला तो परत आला नाही. मी तेव्हा चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं, एवढंच आठवतं.

असा तो संपत. पुढं त्याचा मणका गेला आणि तो घरी बसला. दिवसभर ओट्यावर बसून गल्लीतल्या कुत्र्यांना खडे मारायचा. दिवेलागणीला बाटली काढायचा. बाटली अर्धी झाली की विमल. रोज नाही, पण आठवड्यात तीन-चार वेळा. दिवेलागण ते जेवण, हे दोन-अडीच तास ती कशी काढेल, एवढाच त्या घरातला प्रश्न होता.

साथीच्या वर्षी मॉल बंद पडला तो पडलाच. गेम झोनची मशिनं भंगारात चालली होती. शेठनं विमलला घरगुती टीव्हीला लावायचा एक गेमचा डबा, दोन रिमोट आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या गेमच्या, सीडीसारख्या, वीस-पंचवीस चकत्या दिल्या. ती ते सगळं पोटाशी धरून घरी घेऊन आली.

आठ दिवस एकटीच खेळली. मग माझ्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, एकटीनं खेळणं म्हंजी एकटीनं फुगडी घालणं. ह्यांना शिकवते."

मी म्हटलं, तुला दुसरं कुणी मिळालं नाही का.

ती दोन्ही अंगठे माझ्यासमोर हलवत म्हणाली, "ह्याला दोन्ही हात लागतात, आक्का. दोन्ही हात रिमोटवर असले की तिसरा हात कुठनं आणतील?"

म्हणजे तिला जोडीदारही पाहिजे होता आणि त्याचे हातही अडकवायचे होते. दोन्ही खरं होतं. ती लबाड होती, पण तिला खेळायचं होतं हेही खरं.

पहिल्यांदा तिनं मारामारीचाच गेम लावला. तिला वाटलं, ह्याला मारामारी येते, आवडेल. संपतला रिमोट धरता येईना. त्याचे अंगठे म्हणजे मुसळं, एका वेळी तीन बटणं दाबायचे. त्याचा माणूस नुसता खाली-वर बसत राहिला आणि विमलच्या माणसानं त्याला बडवून आडवा केला. तिनं जाणूनबुजून केलं नाही. अकरा वर्षांची सवय, अंगठे थांबले नाहीत. पडद्यावर ती जिंकल्याचा गजर वाजला आणि संपतनं रिमोट तसाच तिच्या तोंडावर मारला. दात तेव्हा गेला. सकाळी तिनं तो मला दाखवला, कागदात बांधून ठेवला होता. कशाला ठेवलास, विचारलं तर म्हणाली, माहीत न्हाई.

तिथं दुसरी कुणी असती तर तो डबा माळ्यावर गेला असता. विमलनं दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच गेम लावला आणि आता ती मुद्दाम हरायला लागली. दोन दिवस संपत खूश. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं, ते मी त्याआधी घरात कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं मान वळवून बघितलं तर तिचा रिमोट मांडीवर पडलेला आणि ती शेंगा सोलत होती. आपल्याला फुकट जिंकवते हे कळल्यावर त्यानं रिमोटच्या वायरनं तिला झोडलं. तो मार दातापेक्षा वाईट होता.

मी तिला म्हटलं, पोरीकडं जा. तिची मुलगी रेश्मा लग्न होऊन नेरूळलाच राहते. ती म्हणाली, "घर माझ्या राबण्यावर उभं हाय. मी का जाऊ? जायचं तर त्यांनी जावं." त्यात चुकीचं काही नव्हतं.

मग तिनं बिस्किटाचा डबा उपसला. कुलपाला किल्ल्या लावून बघाव्यात तशी एकेक चकती लावून बघितली. बंदुकीचा गेम लावला. त्यात एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्या अंगठ्यानं मान फिरवायची. संपतला दोन्ही एकदम जमेना. त्याचा शिपाई सगळा वेळ आभाळाकडं बघत उभा, आणि कुणीही यावं, गोळी घालून जावं. वर त्याला चक्कर यायला लागली. अर्ध्या तासात त्यानं गादीवर ओकारी केली आणि ती विमललाच साफ करायला लावली. मोटारींचा गेम चार दिवस चालला. संपत शर्यत सोडून उलट्या बाजूनं गाडी घालायचा आणि समोरच्या ट्रकवर आदळायचा. दार उडालं, काच फुटली की मांडीवर थाप मारायचा. पाचव्या दिवशी कंटाळला. तिला म्हणाला, फुटलेली गाडी लगेच नवी होऊन येते, ह्यात काय राम. त्याला फोडलेलं फुटलेलंच राहायला पाहिजे होतं. चेंडूचा गेम, उड्या मारायचा गेम, सगळे झाले. काही तासाभरात संपले, काही थपडेवर.

डब्याच्या तळाशी एक चकती होती, तिच्यावर चित्रही नव्हतं. ती लावली तर दोन बुटकी बाहुल्यासारखी माणसं निघाली. त्यांचं काम एवढंच की घरातलं सामान बाहेर काढून टेम्पोत भरायचं. खुर्ची एकट्यानं उचलता यायची. पण पलंग, कपाट, फ्रिज, ह्याला दोघं लागत. दोघांनी दोन टोकं धरायची, दोघांनी एकाच बाजूला ओढायचं, दारातून तिरकं काढायचं. एकानं चुकीच्या बाजूला ओढलं की दोघंही अडकत.

पहिल्या पलंगालाच विमल दारात अडकली. संपत टेकून बसला होता तो ताठ झाला.

"हे असं उचलत्यात व्हय? मागचा कुठं बघतोय?"

"मागची मीच हाय," विमल म्हणाली.

"मग टेकव आधी. टेकव म्हणतो ना. आता पुढं मी."

त्या संध्याकाळी बाटली जेवणापर्यंत उघडली नाही.

पुढं रोज तेच. दिवेलागण झाली की भिंतीपलीकडून सामान हलवायचा कालवा सुरू. संपतचे अंगठे अजूनही तीन-तीन बटणं दाबायचे, पण आता त्याला काम माहीत होतं. कुठल्या दारातून काय निघतं, आधी काय काढायचं, टेम्पोत जड सामान कुठं रचायचं, हे तो तिला शिकवायचा. अकरा वर्षं तिनं सगळ्यांना हरवलं होतं, आणि ह्या एका गेममध्ये तो मुकादम होता. ती गुमान ऐकायची. शिव्या चालूच होत्या, पण शिव्यांनी हाड मोडत नाही.

तिचं बोलणं मात्र त्याला चालेना. ती सारखी ओरडायची, अवो थांबा, अवो डावीकडं, अवो निसटलं. एक दिवस त्यानं ट्रंकेतून आपला जुना नट काढला आणि तिच्या पुढ्यात टाकला. तोंडानं नको, ठोकून सांग, म्हणाला. दोघं पलंगावर भिंतीला पाठ लावून बसत. नट तिच्या बोटाला मोठा व्हायचा, तिनं आतून दोरा गुंडाळून मधल्या बोटात घातला. लग्नात त्यानं तिला अंगठी घातली नव्हती. हा नट मिळाला.

तेव्हापासून माझ्या चुलीमागच्या भिंतीवर ठोके वाजायला लागले. एक म्हणजे चल. दोन म्हणजे टेकव. माझ्या बाजूचा गिलावा पडायला लागला. मी तो रोज झाडून टाकायचे. पट्ट्याच्या आवाजापेक्षा हा आवाज बरा होता.

मग एकदा असं झालं. विमलच्या कालवणात मीठ जास्त पडलं. मी चपाती लाटत होते. ताट आदळल्याचा आवाज आला, मग पट्टा निघाल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी लाटणं धरून थांबले. आणि भिंतीवर दोन ठोके पडले.

त्यानंतर काही नाही. पट्टा वाजलाच नाही.

सकाळी विमल आली. झालेल्यावर तिचाच विश्वास बसत नव्हता. भिंतीला पाठ टेकली होती, भीतीनं हात आपोआप ठोकला गेला, असं तिनं सांगितलं. संपत पट्टा वर उचललेला तसाच उभा राहिला. मग हात खाली आला. पट्ट्याकडं बघत बसला, जणू तो कुणी दुसऱ्यानंच त्याच्या हातात दिला होता. तीस वर्षं दोन ठोक्यांना तो थांबत आला होता. अंगातच गेलं होतं ते.

"बैल थांबतो तसे थांबले, आक्का," ती म्हणाली आणि दात नसलेल्या जागेतून हसली.

सात महिने तो ठोका चालला. ती कुठंही असो, न्हाणीत असो, ओट्यावर असो, हाताला लागेल त्यावर दोन ठोके द्यायची. पातेल्यावर, दारावर, एकदा तर बसच्या दांडीवर. संपत दात खायचा, पण टेकवायचा. तिच्या अंगावरचे वळ पिवळे होऊन गेले. ती जाडही झाली थोडी. मी तिला म्हटलं, हे काही कायमचं नाही. ती म्हणाली, "मला ठाव हाय. पण एवढा तरी डाव लांबला."

एका रविवारी संध्याकाळी संपतच्या टोळीतले दोघं भेटायला आले. एक तोच जुना मुकादम. आत शिरले तर संपत रिमोट धरून बसलेला, शेजारी बायको, आणि बायकोच्या बोटात टोळीचा नट. मुकादमानं नटाकडं बघितलं. मग म्हणाला, "नट हिच्या बोटात? मग संपत, हिच्या बांगड्या तू भरल्यास का?" दुसरा खूप हसला. विमलनं चहा केला. ते चहा पिऊन गेले.

ते कोपऱ्यावरून वळले असतील नसतील, तोच संपतनं नट मागितला. विमलचं बोट आता भरलं होतं, नट निघेना. त्यानं तो ओढला. बोट सांध्यातून सरकलं आणि कातडी सोलून आली, पण नट निघाला नाही. मग त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मला ठोके ऐकू आले. दोन. डोकं आपटल्याचा आवाज. पुन्हा दोन. पुन्हा डोकं. चार वेळा तिनं दोन ठोके दिले आणि चारही वेळा तो थांबला नाही.

तेव्हा मात्र मी गेले. हातात वरवंटा होता, कधी उचलला कळलं नाही. दार ढकललं तर त्यानं माझ्या अंगावर स्टूल फेकलं. ते माझ्या खांद्याला लागलं, अजून पावसाळ्यात दुखतं. मी वरवंटा फेकला, तो त्याला लागला नाही, टीव्हीच्या बाजूला भिंतीत खळगा पडला. गल्ली जमली तसा तो माणसं ढकलून गुत्त्याकडं निघून गेला.

विमलचा एक डोळा बंद झाला होता. कानातून रक्त येत होतं. दवाखान्यात नेताना रिक्षात ती एकच सांगत राहिली. मारलं ह्याची तक्रार नव्हती.

"मी दोनदा ठोकलं, आक्का. तरी टेकवलं न्हाई."

डॉक्टरनं बोट सरळ केलं. नट कापून काढू म्हणाला. ती नको म्हणाली.

पंधरा दिवस गेम बंद होता. संपतला स्वतःचा राग आला होता की तिचा, मला माहीत नाही. तो आता कंबरेला पट्टा आवळून गल्लीत फिरायचा आणि आपण अजून किती ओझं उचलतो ते सांगायचा. घरावर मागाहून चढवलेल्या वरच्या खोलीत रेश्माचं लोखंडी कपाट होतं. तिला ते नेरूळला पाहिजे होतं. बाहेरच्या लोखंडी जिन्यानं ते खाली आणायचं होतं. रेश्मा म्हणाली, दोन माणसं लावते. संपतनं फोनवरच तिला शिवी दिली. हमाल आणायचा, माझ्या घरात? मी आणि तुझी आई आणतो, म्हणाला.

सकाळची वेळ होती. मी खाली माझ्या पायरीवर मेथी निवडत बसले होते, माझ्यापासून जिना दोन-तीन पावलांवर. संपत खालच्या बाजूला, पाठमोरा उतरत होता, सगळा भार त्याच्याकडं. विमल वर. कपाटाच्या कडा तिनं दोन्ही हातांनी धरल्या होत्या, दुखऱ्या बोटात नट तसाच. पहिल्या पायरीपासून तो तिला शिव्या देत होता. तुझ्यानं काय होतंय, धर नीट, तुझ्या आईला, असं सगळं. अर्ध्या जिन्यावर तिनं पत्र्यावर दोन ठोके दिले.

"ठोकू नको," तो म्हणाला. "उतर गपचूप."

तिनं पुन्हा दोन दिले. तो थांबला नाही. त्यानं कपाट खाली ओढलं, ती एक पायरी खेचली गेली.

मग तिनं तीन ठोके दिले.

कपाट जिन्यावरून त्याला घेऊन खाली आलं. त्याचं खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं, मांडीचंही मोडलं. तो कपाटाखाली होता आणि त्याचा आवाज माणसाचा वाटत नव्हता. माझ्या मेथीच्या सुपात त्याच्या डोक्याचं रक्त उडालं. विमल वर उभी होती. ती खाली धावत आली नाही. आधी तिनं पदर खोचला, मग जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरली.

दवाखान्यात हवालदार आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की बाईनं ढकललं. संपत खाटेवर पडला होता, ओठ पांढरे. हवालदारानं विचारलं, बायकोनं मुद्दाम केलं का. मला वाटलं, आता हा हो म्हणणार आणि ती आत जाणार. विमल दाराशी उभी होती, तिचे अंगठे मी पहिल्यांदाच थांबलेले बघितले.

संपतची नजर वर पंख्याकडं होती.

"ठोकलं हुतं तिनं," तो म्हणाला. "आधी दोन. मग तीन. मी बाजूला झालो न्हाई. तिला बोल न्हाई."

हवालदाराला काही कळेना. त्यानं मला विचारलं. मी त्याला टोळीची रीत समजावली. दोन ठोके म्हणजे काय, तीन म्हणजे काय. तुम्ही स्वतः ऐकले का, म्हणाला. मी म्हटलं, ऐकले. दोन, पुन्हा दोन, मग तीन. त्यानं लिहून घेतलं.

संपत कपाटाआड होता, त्याला फक्त ऐकू आलं. मी समोरून बघत होते. तीन ठोक्यांनंतर एक श्वास थांबायचं असतं. विमल थांबली नाही. तिसरा ठोका आणि हात सुटणं एकदमच झालं. आणि हात निसटलेही नव्हते. तिनं बोटं एकेक करून उघडली नाहीत, सगळी एकदम उघडली, दरवाजा उघडावा तशी. हवालदारानं श्वासाचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आता दोघंही या जगात नाहीत, म्हणून लिहिते.

लोक म्हणाले, अपघातानं संपत सुधारला. तसं काही नाही. त्याचा खुबा मोडला. पुन्हा तो काठीशिवाय उभा राहिला नाही, आणि एका हातात काठी असली की मारायला तोल राहत नाही. विमलनं त्याचं सगळं केलं. भांडं दिलं, अंग पुसलं, भरवलं. माया होती का, मी विचारलं नाही. तिनंही कधी त्या दिवसाबद्दल बोलून दाखवलं नाही. एकदाच, नळावर कुणीतरी विचारलं, विमल, कसं चाललंय, तेव्हा म्हणाली, "त्यांचा एक जीव राह्यलाय. माझे दोन हायत."

चार महिन्यांनी रेश्मानं दोघांना नेरूळला न्यायचं ठरवलं. तिच्या इमारतीला लिफ्ट होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना भाकरी द्यायला गेले. दार उघडंच होतं. भिंतीत माझ्या वरवंट्याचा खळगा तसाच. संपत लोखंडी खाटेवर उशांना टेकून बसलेला, पाय पुढं ताठ, हातात रिमोट. शेजारी स्टुलावर विमल. पडद्यावर दोन बुटकी माणसं एक मोठं कपाट घेऊन जिन्यावर उभी. ह्या वेळी विमलचा माणूस पुढं होता आणि संपतचा मागं. संपतच्यानं बटण दाबून धरवत नव्हतं. नट विमलच्याच बोटात होता. म्हणून त्यानं काठीच्या टोकानं खाटेच्या दांडीवर दोन ठोके दिले.

विमलनं कपाट टेकवलं नाही.

तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. पडद्यावर कपाट तसंच हवेत. संपतनं पुन्हा ठोकलं, दोन, हळू. त्याच्या कपाळावर घाम आला होता. नुसता गेम होता, पण तो तिच्या हातांकडं बघत होता. मी भाकरी धरून दारात उभी होते. मनातल्या मनात श्वास मोजत होते. एक झाला. दोन झाले. तीन झाले.

मग तिनं टेकवलं.